मातीचा जमाखर्च

‘आगर’ या शब्दाचे कोकणात दोन अर्थ आहेत. एक मिठाचे आगर आणि दुसरे नारळ-पोफळीचे आगर. पहिल्यात गवताची काडी उगवत नाही आणि दुसऱ्यात हातभर जागा रिकामी सापडत नाही. ‘अष्टागर’ या नावातले आगर अर्थातच दुसरे. पण किनाऱ्यावर या दोन आगरांमधले अंतर पुष्कळदा एखाद्या बांधाएवढेच असते. बांधाच्या या बाजूला गोडे, त्या बाजूला खारे. हे अंतर निसर्गाने राखलेले नाही. ते माणसांनी राखले आहे आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते राखणारी माणसे कमी होत गेली आहेत.

रेवदंडा हे अष्टागरांचे दक्षिण टोक. कुंडलिका इथे समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा डोंगर, अलीकडे पोर्तुगीजांचा कोट. त्याला गावकरी आगरकोट म्हणतात, आणि त्याच्या पडक्या भिंतींच्या आड आजही माड उभे आहेत. शनिवार-रविवारी येणारे पाहुणे तटाचे आणि ‘सातखणी’ मनोऱ्याचे फोटो काढून पुढे काशिदला जातात. माझे आजोळ इथले, त्यामुळे लहानपणापासून येणे-जाणे आहे. पण शेतीवर लिहू लागल्यापासून माझे लक्ष तटापेक्षा वाडीच्या मातीकडे अधिक जाते. ती मातीही तटासारखीच माणसांनी रचलेली आहे. तट कोसळला की दिसतो. माती खचते ती दिसत नाही.

इथल्या वाडीत कुठेही हातभर खणून पाहावे. वरची वीतभर माती काळपट, भुसभुशीत, मुळांनी भरलेली. तिच्याखाली करडी पुळण, म्हणजे समुद्राची वाळू, मध्ये मध्ये शिंपल्यांचा चुरा. झाडाला लागणारी अन्नद्रव्ये, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि जस्त-बोरॉनसारखी सूक्ष्म द्रव्ये, धरून ठेवण्याची ताकद वाळूत जवळजवळ नसते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर तर त्याहून जास्त असतो. त्या भाराला पालाश, कॅल्शियम, अमोनिया चिकटून राहतात. वाळूच्या कणाला असे काही धरता येत नाही. त्यात अलिबाग तालुक्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. वरून टाकलेले खत अशा जमिनीत किती दिवस टिकणार? जे विरघळेल ते विहिरीत आणि विहिरीतून समुद्रात.

मग या पुळणीवर शतकानुशतके माड, पोफळ, केळी, मिरी, जायफळ कशी पोसली गेली? उत्तर सोपे आहे. वाडीने स्वतःच्या जमिनीवर कधी पोट भरले नाही. तिला दुसऱ्या जमिनींनी पोसले. डोंगरावरून पालापाचोळा आला. भाताच्या खाचरातून पेंढा आला, तो गोठ्यातल्या गुरांनी खाल्ला आणि त्याचे शेण वाडीत आले. समुद्रातून सुक्या मासळीचा कुटा आला. तेलाच्या घाण्यांतून पेंड आली. या पट्ट्यात घाणे चालवणारे बेने इस्रायली शनिवारी काम बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, आणि रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आजही आहे. ती पेंडही शेवटी गुरांच्या पोटातून मातीत जाई. शिवाय वाडीतली झावळी, सोडण, विरी वाडीतच कुजत असे. म्हणजे चार ठिकाणच्या अन्नद्रव्यांची जमा एका वाडीच्या खात्यावर होत होती, आणि खर्ची पडत होते ते बाजाराला गेलेले नारळ आणि सुपारी. हा हिशेब कोणी वहीत लिहिला नव्हता, पण तो जुळत होता.

‘जमिनीच्या वापरातील बदल’ असा एक शब्दप्रयोग सरकारी कागदांत असतो. तो वाचला की एखाद्या सर्व्हे नंबरची शेतीची बिनशेती झाली एवढेच डोळ्यांपुढे येते. सातबारा एका तुकड्यापुरता बोलतो. अन्नद्रव्ये मात्र तुकड्याच्या हद्दी पाळत नाहीत. डोंगर विकला गेला तर वाडी उपाशी राहते, खाचर पडीक पडले तरी वाडीच उपाशी राहते. वाडीच्या मालकाने स्वतः काहीही बदललेले नसताना त्याच्या मातीचा कस उतरतो, आणि का उतरला ते त्याला कळत नाही. तो म्हणतो, ‘आता पूर्वीसारखा नारळ धरत नाही.’

राब, वाल आणि पेंढा

डोंगरापासून सुरुवात करू. कोकणातला भातशेतकरी रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत आणि झाडांचा कवळ थराथराने रचून उन्हाळ्यात भाजतो. त्याला राब म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्यांना ही पद्धत म्हणजे जंगलाचा सत्यानाश वाटे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) कवळ तोडण्यावर निर्बंध आले तेव्हा एवढा असंतोष माजला की मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. पुढे शेतीच्या पाहणीसाठी विलायतेहून आलेल्या डॉक्टर फोल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची गंभीरपणे दखल घेतली.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने राब हा तोट्यातला आणि फायद्यातला असा दोन्ही व्यवहार आहे. जाळले की नत्र आणि गंधकाचा मोठा भाग हवेत जातो. पालाश, स्फुरद, चुना राखेत उरतात आणि रोपांना तत्काळ मिळतात. उष्णतेने तणाचे बी मरते, हा वेगळा लाभ. पण मुख्य मुद्दा असा की डोंगरावरच्या झाडांनी खोल मुळांनी वर काढलेली अन्नद्रव्ये राबाच्या वाटेने खाली शेतात येत होती. डोंगर झिजत होता हेही खरे. ‘जुने ते सगळे शहाणपणाचे’ असे म्हणण्याची आज फॅशन आहे, ती मला मान्य नाही. गावाजवळचे बोडके डोंगर हे काही केवळ परक्यांचे पाप नव्हे. मुरूड-रोह्याच्या हद्दीतले फणसाडचे जंगल, जे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा होते आणि १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथली जमीन आणि गावाजवळच्या डोंगरावरची जमीन नुसत्या डोळ्यांनी पाहिली तरी फरक कळतो. एकीत पाय रुततो, दुसरीत खडखडतो.

भाताच्या खाचराची गोष्ट अधिक महत्त्वाची. एक टन भात पिकवताना पीक जमिनीतून साधारण पंधरा ते वीस किलो नत्र आणि जवळपास तेवढाच पालाश उचलते. यातली गंमत अशी की नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो, पण पालाशाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा पेंढ्यात राहतो. म्हणजे तांदूळ विकला तर पालाश फारसा जात नाही. पेंढा विकला तर जातो. जोवर गोठ्यात गुरे होती तोवर पेंढा गावातच राही. गुरे गेली, नांगर गेले, पॉवर टिलर आले, आणि पेंढ्याच्या गंज्या टेम्पोत भरून तबेल्यांच्या वाटेला लागल्या. पेंढ्याचे चार पैसे मिळतात ते शेतकऱ्याला हवेच असतात, त्यात त्याचा दोष नाही. पण त्या टेम्पोतून गावचा पालाश जातो आणि तो परत आणायचा तर परदेशातून आणावा लागतो. आपल्या देशात पोटॅशची खाण चालू नाही. लागणारे सगळे म्युरेट ऑफ पोटॅश रशिया, बेलारूस, कॅनडा, जॉर्डन, इस्रायल अशा देशांतून येते. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाले तेव्हा त्याचे भाव कुठल्या कुठे गेले, हे खत दुकानाच्या पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

भातानंतर इथे वाल पेरत. जमिनीतल्या उरल्या ओलाव्यावर येणारे हे पीक. थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भाजायच्या, त्या पोपटीच्या पार्ट्या आता फार्महाऊसच्या जाहिरातीत दिसू लागल्या आहेत. पण वाल हे द्विदल आहे आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, ही बाजू जाहिरातीत नसते. भात जो नत्र काढून नेई त्यातला काही वाल परत करी. पेरायला माणूस नाही, मोकाट गुरे आणि डुकरे राखायला माणूस नाही, म्हणून वाल मागे पडला. वालाची जागा कशानेच घेतली नाही. जानेवारीत खाचरे नुसती तडकलेली दिसतात.

याच्या उलट उदाहरण पांढऱ्या कांद्याचे. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव अशा गावांत भाताच्या जमिनीवर हिवाळ्यात हा कांदा घेतात. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कांद्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांमुळे येतो आणि जमिनीत गंधक कमी असले की कांदा सौम्य होतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला व्हिडेलिया कांदा याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये तिथल्या राज्याने कायदा करून हे नाव कोणत्या भागातल्या कांद्याला लावायचे ते ठरवून टाकले. आमच्याकडे मानांकन मिळाले ते कांद्याला. ज्या जमिनीमुळे तो गोड होतो तिच्यावर काय टाकले जाते याकडे कोण पाहणार? सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये अकरा-बारा टक्के गंधक असतो, अमोनियम सल्फेटमध्ये चोवीस टक्के. खताची निवड बदलली की चवही हळूहळू बदलू शकते. हे माझे अनुमान आहे, पण कांदा उत्पादकांनी त्याचा विचार करायला हरकत नाही.

युरियाचा शेजार

रेवदंड्याच्या उत्तरेला थळ-वायशेतला राष्ट्रीय केमिकल्सचा मोठा खत कारखाना आहे. ऐंशीच्या दशकात तो उभा राहिला, तेव्हा जागेवरून बरेच वादळ झाले. मुंबई हायच्या समुद्रातला वायू, त्यातून अमोनिया आणि अमोनियातून युरिया. नत्राचा एवढा मोठा झरा शेजारी असलेला तालुका देशात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. परंतु झाड फक्त नत्रावर जगत नाही.

इथे धोरणाचा भाग येतो आणि तो सरकार कोणत्याही पक्षाचे असो, फारसा बदललेला नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचे दरनियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली, तीतूनही युरियाला वगळले. परिणाम असा की पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि पोटॅशच्या पन्नास किलोच्या गोणीला दीड हजाराच्या आसपास किंवा वर मोजावे लागतात. नत्र, स्फुरद, पालाश ४:२:१ या प्रमाणात द्यावे असे पाठ्यपुस्तक सांगते; शेतकऱ्याचा खिसा वेगळे प्रमाण सांगतो. २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले, त्यामुळे तो थोडा सावकाश विरघळतो, एवढी एक बाब जमेची.

माडाची भूक मात्र पालाशाची मोठी आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मोठ्या माडाला वर्षाला साधारण एक किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद, एक किलो पालाश आणि शिवाय पन्नास किलो शेणखत अशी आहे. नारळाच्या सोडणात पालाश भरपूर असतो. पूर्वी सोडण आळ्यात जाई किंवा चुलीत जाऊन राख आळ्यात येई. आता शहाळी विकली जातात. शहाळे सोडणासकट मुंबईच्या फूटपाथवर जाते, पिणारा पाणी पितो, आणि रेवदंड्याचा पालाश देवनारच्या कचऱ्यात पडतो. लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात रोमन साम्राज्याबद्दल असाच आरोप केला होता: शेतकऱ्यांची सुपीकता रोमच्या गटारांनी गिळली, असे त्याचे म्हणणे होते. इतिहासाचे इतके सोपे स्पष्टीकरण मला पटत नाही, पण नारळपाण्याच्या गाडीपाशी उभे राहिले की लिबिग आठवतो हे खरे.

नुसत्या वाळूत युरिया टाकला की दोन-तीन आठवड्यांत त्याचे नायट्रेट होते, आणि नायट्रेटला मातीत धरून ठेवणारे काही नसते. ते सरळ खालच्या पाण्यात जाते. वाडीची विहीर आणि घराची विहीर रेवदंड्यात एकच असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे असे आपले मानक आहे. तान्ह्या बाळांना ते विशेष घातक. नळयोजना आल्या तरी उन्हाळ्यात घराघरांत विहिरीचेच पाणी चालते. ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, निवडक विहिरींचे नायट्रेट आणि क्षार तपासून आकडे फळ्यावर लिहावेत, एवढी साधी मागणी करायला गावात कोणाची हरकत नसावी.

माती तपासणीची मोठी योजना आली ती १९ फेब्रुवारी २०१५ रोजी, राजस्थानातल्या सुरतगढला. मृदा आरोग्य पत्रिका. बारा घटकांची नोंद असलेला कागद प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती देण्याची कल्पना उत्तम होती. पण सुरुवातीच्या पद्धतीत ओलिताखालच्या क्षेत्रात अडीच हेक्टरला एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. अडीच हेक्टर म्हणजे सुमारे अडीचशे गुंठे. रेवदंडा-चौलच्या वाड्या दहा, पंधरा, वीस गुंठ्यांच्या. एका नमुन्यात डझनभर वाड्या बसतात. त्यांत एकीत तीन पिढ्या शेणखत पडलेले असते, दुसरीत दहा वर्षे कुणी फिरकलेले नसते, तिसरीत मुरुमाचा भराव असतो. पंजाबच्या सपाट गव्हाच्या शेताला जी चौकट शोभते ती वाडीला लावली की तयार होणारा आकडा कुणाच्याच जमिनीचा नसतो. वाडीच्या प्रदेशासाठी चौकट वेगळी हवी, हे सांगायला शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

हिरवळ

आता वाडी विकण्याकडे वळू. मांडव्याला मार्च २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईच्या पैशाला अलिबाग अंगणासारखे जवळ आले. वाडीचे भाव शेतीच्या उत्पन्नाशी कधीच फारकत घेऊन बसले आहेत. वर्षाला माडामागे जे हाती लागते त्याचा आणि गुंठ्याच्या भावाचा त्रैराशिकात मेळ बसत नाही. अशा वेळी चार भावांत वाटणी झालेल्या, मुले ठाण्या-डोंबिवलीला राहणाऱ्या बागायतदाराने वाडी विकली तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण?

पण मातीचे काय होते ते तरी पाहू. प्रथम जेसीबी येतो. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून दोन-अडीच फूट मुरुमाचा किंवा तांबड्या मातीचा भराव टाकला जातो. ही तांबडी माती लोहाने भरलेली, आम्लधर्मी. तिच्यात स्फुरद टाकला की लोह त्याला पकडून बसते आणि झाडाला देत नाही. खाली गाडला जातो तो शंभर-दीडशे वर्षांत तयार झालेला वीतभर काळा थर. त्याच्यातली गांडुळे, बुरशी, जिवाणू हवेवाचून मरतात. जुने माड ‘व्ह्यू’साठी राखतात, पण त्यांच्या बुंध्याला दोन फूट माती चढलेली असते आणि आळे बुजलेले असते. मग वर गवताची गालिचेदार हिरवळ. ती कापून कापून कचऱ्यात जाते, म्हणून तिला सतत नत्र द्यावा लागतो, पाणी द्यावे लागते. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थरासारखे असते. रहाटाने उपसले तर थर भरून येतो, पाच अश्वशक्तीच्या पंपाने दिवसभर उपसले तर खालचे खारे वर येते. खाऱ्या पाण्यातले सोडियम मातीतल्या कॅल्शियम-पालाशाला हुसकावून त्यांची जागा घेते. त्याचा त्रास बंगल्याच्या कुंपणापाशी थांबत नाही, शेजारच्या पोफळी पिवळ्या पडतात.

सातबाऱ्यावर मात्र पुष्कळदा पीक म्हणून ‘नारळ’ हीच नोंद चालू राहते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः फोनवर फोटो काढून पीक नोंदवायचे. फोटोत माड दिसतो. माडाखालची माती फोटोत येत नाही.

आणखी एक बाब आहे, जरा नाक मुरडायला लावणारी. सुट्टीच्या दिवशी गावात हजारो पाहुणे जेवतात. ते जे खातात त्या तांदळात, चिकनमध्ये, मासळीत अन्नद्रव्येच असतात; म्हणजे एका अर्थाने मुंबई रेवदंड्याला खत आणून देते. ते जाते कुठे? पुळणीत खणलेल्या शोषखड्ड्यात, आणि तिथून विहिरीत. जे वाडीला हवे आहे तेच पाण्यात घाण म्हणून मिसळते. शोषखड्ड्याचे पाणी गाळून केळीला सोडण्याची जुनी कोकणी सवय होती. सांडपाण्यावरची केळ प्रत्येक घरामागे असे. होमस्टेच्या परवान्याला तेवढी एक अट घातली तरी पुष्कळ काम होईल.

खारे पाणी आत येते तेव्हा

कुंडलिकेच्या आणि धरमतरच्या खाडीकाठाची भातशेती म्हणजे खार जमीन. भरतीचे पाणी अडवायला बांध आणि ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर काढायला उघडी. बांध फुटला, एकदा खारे पाणी शेतात उभे राहिले, की माती साबणासारखी होते, घट्ट बसते, हवा खेळत नाही. ती पुन्हा लागवडीला यायला दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने धुऊन निघावी लागते. म्हणून पूर्वी बांधाची डागडुजी हे गावकीचे काम असे आणि त्याला न येणाऱ्याची गावात धडगत नसे. १९४८ आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी हे काम सरकारच्या खात्याकडे गेले. पैसा आला तसा गावकीचा हात सुटला. आणि खात्याचा हात वेळेवर पोचतोच असे नाही. खार जमिनीत तगणाऱ्या पनवेलच्या संशोधन केंद्राच्या भातजाती आहेत, पण फुटलेल्या बांधावर भातजात हा इलाज नव्हे.

धरमतरच्या काठी शहापूर-धेरंड भागात बांध फुटून शेतात कांदळवन वाढले. आता पर्यावरणाच्या बाजूने पाहिले तर कांदळवन ही संपत्ती आहे. त्याच्या चिखलात कर्ब आणि नत्र भाताच्या खाचरापेक्षा जास्त साठतो, मासळीची पिल्ले वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवन तोडण्यावर राज्यभर बंदी कायम केली, ती योग्यच होती. पण ज्याचा बांध दुरुस्त झाला नाही म्हणून त्याच्या सातबाऱ्यावर तिवरे उगवली, त्या शेतकऱ्याला जमीन परत मिळत नाही. हे ते गाव-शिवार, जिथे चरी गावाच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण मागे हटले नाहीत. ज्यांच्या आजोबांनी हक्कासाठी जमीन पडीक ठेवली, त्यांच्या नातवांची जमीन बांधाच्या टेंडरसाठी पडीक पडावी, हे मला सहन होत नाही. भरपाई द्या, किंवा बांध घाला. तिसरी वाट नाही.

पडीक जमीन नेहमीच वाईट असे मात्र समजू नये. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात दरवर्षी गहू घेण्याचा प्रयोग चालू आहे. त्या शेताचा एक कोपरा १८८२ मध्ये त्यांनी नुसता सोडून दिला. कुणी पेरले नाही, कापले नाही. तिथे आज जंगल उभे आहे आणि त्या मातीतला कर्ब व नत्र शेजारच्या पिकाच्या मातीपेक्षा कितीतरी वाढलेला आहे. म्हणजे सोडून दिलेली जमीन स्वतःला भरून काढते, अट एवढीच की तिला दरवर्षी वणवा लागू नये आणि तिची वरची माती वीटभट्टीला जाऊ नये. आपल्याकडे पडीक खाचराच्या नशिबी बहुधा यांतले एक येतेच.

निसर्ग

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. रेवदंडा, चौल, नागाव, मुरूड, श्रीवर्धन इथल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. झाडे मोजली गेली, मदत आधी हेक्टरी आणि ओरड झाल्यावर झाडामागे ठरली. मातीची मोजणी झाली नाही. वास्तविक त्या पावसाळ्यात मातीचे नुकसान झाडांइतकेच झाले. उन्मळलेल्या माडाने मुळांच्या गड्ड्याबरोबर वरची माती उपटून काढली. सावली गेली, आणि वर्षानुवर्षे गारव्यात राहिलेला काळा थर लगोलग पावसाच्या माऱ्याखाली आणि नंतर ऑक्टोबरच्या उन्हात उघडा पडला. उघड्या, तापलेल्या वाळूत सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळून जातो. पडलेली झाडे हटवायला मजूर मिळेनात, त्या वर्षी करोनाही होता. पुष्कळांनी खोड-झावळ्या जाळून टाकल्या. त्याच झावळ्या चिरून आळ्यात पसरल्या असत्या तर रोपांना मोठा आधार झाला असता, पण पोटाची चिंता असलेल्या माणसाला तेव्हा हे सांगणार कोण?

नवी लागवड झाली. माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, पोफळीलाही तेवढीच. रोपे सरकारी योजनेतून मिळाली, खड्डे खणले गेले. माझ्या मामेभावाने वीस गुंठ्यांत नवीन माड लावले, मध्ये केळी आणि जायफळ. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ म्हणून जी मिश्र लागवड सुचवली आहे, साधारण तशी. गोठ्यात आता एकही गुरू नाही. शेणखत घाटावरून ट्रकने येते ते महाग पडते. म्हणून तो दर दुसऱ्या वर्षी पेणकडून टेम्पोभर कोंबडीखत आणतो. पोल्ट्रीतल्या कोंबड्या खातात ते सोयाबीन आणि मका येतो देशावरून. म्हणजे रेवदंड्याच्या माडाला आज लातूर-अकोल्याची काळी माती पोसते आहे, आणि त्या मातीचे कोण भरून देते, हा हिशेब तिकडच्या कोणीतरी लिहायला हवा.

कोंबडीखताला वास येतो. शेजारची वाडी विकली गेली आहे, तिथे बंगला आहे, आणि एकदा ऐन शनिवारी खत पसरल्यावर तिकडून फोन आला होता. तेव्हापासून मामेभाऊ खत सोमवारी सकाळी पसरतो, पाहुणे परत गेल्यावर, आणि लगेच वरून झावळ्या झाकून पाणी शिंपतो.